परळची शाळा आणि महर्षी विठ्ठल रामजी शिंदे

भातसा नदीच्या काठी, खडवलीसारख्या लहान गावी निवासी शाळा चालविताना आम्हांस वारंवार एका प्रश्नाला सामोरे जावे लागते. ज्या मुलांना आपण जवळ घेतो, ती उद्या आपल्या हातून काम काढून घेण्याइतकी मोठी व्हावीत असे आपल्याला मनापासून वाटते काय? या स्मरणिकेसाठी कोणाचे चरित्र लिहावे असा विचार चालला असता याच प्रश्नामुळे आम्हांस महर्षी विठ्ठल रामजी शिंदे यांची आठवण झाली. फुले, शाहू आणि बाबासाहेब यांच्या प्रतिमा आमच्या सभागृहात आहेत. शिंदे यांची नाही. त्याला कारणही आहे, आणि ते आम्ही पुढे लपवून ठेवणार नाही.

विठ्ठलरावांचा जन्म २३ एप्रिल १८७३ रोजी जमखंडी संस्थानात एका मराठा कुटुंबात झाला. वडील रामजीबावा वारकरी वळणाचे होते. घरची सांपत्तिक स्थिती बेताचीच. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात शिष्यवृत्त्यांच्या आधारावर ते शिकले. सयाजीराव गायकवाड यांचेही साहाय्य त्यांना लाभले. धाकटी बहीण जनाबाई सासरच्या छळाला कंटाळून परत आली, तेव्हा तिच्या शिक्षणासाठी भावाने पुण्यातील एका नामांकित आश्रमाचे दार ठोठावले. तेथे जात आडवी आली. पुढे हुजूरपागेच्या शाळेत तिची सोय झाली खरी, परंतु सुधारकांच्या संस्थेचे दारही जात पाहून उघडते हा अनुभव विठ्ठलरावांना घरातच मिळाला. हीच जनाबाई पुढे परळच्या कामात भावाच्या बरोबरीने उभी राहिली, ही गोष्ट चरित्रकार फार घाईने सांगून पुढे जातात असे आम्हांस वाटते.

१८९८ मध्ये पदवी घेऊन ते प्रार्थना समाजात आले आणि १९०१ मध्ये युनिटेरियन शिष्यवृत्तीवर ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात धर्माच्या तौलनिक अभ्यासासाठी गेले. तेथे एस्टलिन कार्पेंटर अध्यापन करीत. ऱ्हिस डेव्हिड्स यांच्यासह दीघनिकायाचे संपादन करणारे हेच विद्वान. अशा ठिकाणी पाली वाङ्मयाचा आणि बौद्ध धर्माचा परिचय घडला नसता तरच नवल. १९०३ मध्ये ॲमस्टरडॅमच्या उदार धर्म परिषदेला उपस्थित राहून ते स्वदेशी परतले व मुंबईत प्रार्थना समाजाचे प्रचारक झाले. तेथपर्यंतचे आयुष्य एका विद्वान धर्मोपदेशकाचे आहे. ते तसेच राहिले असते तर आज त्यांच्याविषयी लिहिण्याचे आम्हांस काही कारण नव्हते.

१९०५ मध्ये अहमदनगरजवळच्या भिंगार गावी महार बांधवांची एक सभा रात्री भरली होती. तेथे जे पाहिले व ऐकले, त्यावरून विठ्ठलरावांनी आपला पुढील मार्ग ठरविला. वर्षभरातच, १८ ऑक्टोबर १९०६ रोजी, दिवाळीच्या पाडव्याला, परळ येथे मुरारजी वालजी यांच्या बंगल्यात पहिली शाळा उघडली. भारतीय निराश्रित साह्यकारी मंडळीची ही सुरुवात. न्यायमूर्ती नारायणराव चंदावरकर अध्यक्ष झाले, शेठ दामोदरदास सुखडवाला यांनी द्रव्यसाहाय्य केले आणि चिटणीसपदाचा भार शिंदे यांनी स्वतः उचलला.

परळ हे गिरण्यांचे गाव. कोकणातून व देशावरून आलेली अस्पृश्य मानलेली कुटुंबे तेथील चाळींत दाटीवाटीने राहत. त्यांच्या मुलांसाठी नुसती शाळा पुरेशी नाही हे लवकरच ध्यानात आले. आजारी मूल शाळेत येत नाही म्हणून दवाखाना काढावा लागला. हाताला काही काम यावे म्हणून पुस्तकबांधणीचा वर्ग व स्त्रियांसाठी शिवणकाम आले. आणि ज्यांना घरच नाही किंवा दूर आहे, त्यांच्यासाठी वसतिगृह आले. वसतिगृह चालविणारे आम्ही असल्यामुळे येथे क्षणभर थांबतो. दिवसाची शाळा चालविणारा माणूस संध्याकाळी आपल्या जातीत परत जाऊ शकतो. परंतु वसतिगृहात एकाच चुलीवरचे अन्न सर्वांना खावे लागते, आणि रात्री ताप चढलेल्या मुलाच्या कपाळावर हात ठेवावाच लागतो. तेथे शिवाशीव पाळून भागत नाही. विठ्ठलराव, पत्नी रुक्मिणीबाई, आईवडील आणि बहीण असे सारे कुटुंब या मुलांच्या सान्निध्यात राहावयास आले. स्वजातीयांचा रोष त्यांनी पत्करला. रुक्मिणीबाईंचे नाव आम्ही मुद्दाम लिहितो. असल्या संस्थांतील चूल कोणी सांभाळली हे अहवालांत क्वचितच सापडते.

१९०८ मध्ये पुण्यास शाखा निघाली आणि १९१२ पासून शिंदे यांचा मुक्काम तेथेच पडला. त्याच वर्षी रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांच्या अध्यक्षतेखाली पुण्यात अस्पृश्यतानिवारणाची परिषद झाली. इंदूरच्या तुकोजीराव होळकरांनी दिलेल्या देणगीतून अहिल्याश्रमाची इमारत उभी राहिली. १९१७ मध्ये ॲनी बेझंट यांच्या अध्यक्षतेखालील कलकत्ता काँग्रेसने अस्पृश्यता दूर करण्याविषयी ठराव केला, त्यामागेही शिंदे यांचेच परिश्रम होते.

आता ती कटू गोष्ट. १९१९ मध्ये साउथबरो समितीपुढे मताधिकाराचा प्रश्न आला. अस्पृश्यांचे प्रतिनिधी कायदेमंडळाच्या निवडून आलेल्या सभासदांनी निवडावेत, अशी मिशनची भूमिका होती. तरुण भीमराव आंबेडकरांना ती मुळीच मान्य नव्हती. आपला प्रतिनिधी दुसऱ्याने निवडावयाचा असेल, तर तो प्रतिनिधी निवडणाऱ्याचा होतो, आपला नव्हे. १९२० च्या मे महिन्याअखेरीस नागपूरला शाहू महाराजांच्या अध्यक्षतेखाली बहिष्कृतांची परिषद भरली आणि तीत मिशनच्या या भूमिकेविरुद्ध ठराव संमत झाला. ज्यांच्यासाठी चौदा वर्षे खस्ता खाल्ल्या, त्यांनीच भर परिषदेत नापसंती दर्शविली.

या वादात बाबासाहेबांचेच म्हणणे बरोबर होते याविषयी आमच्या मनात शंका नाही. शिंदे यांचा हेतू शुद्ध होता, पण प्रेमाने का होईना, दुसऱ्याच्या वतीने बोलण्याची सवय त्यांना जडली होती. असे असले तरी त्यानंतर त्यांनी जे केले ते आमच्या मते शाळा काढण्याहून अवघड होते. १९२३ मध्ये ते मिशनच्या कारभारातून दूर झाले आणि संस्था अस्पृश्य वर्गातील कार्यकर्त्यांच्या हाती सोपविली. स्वतः उभारलेल्या इमारतीत दुसऱ्याला खुर्ची देऊन बाहेर पडणारे संस्थापक आम्ही फारसे पाहिलेले नाहीत. आमच्याच विश्वस्त मंडळाच्या बैठकांत एखाद्या माजी विद्यार्थ्याचे नाव पुढे येते, तेव्हा आमचीच जीभ कशी अडखळते हे आम्ही जाणतो.

पुढची वर्षे त्यांनी मंगळूरच्या ब्राह्मसमाजाचे काम, प्रवास व लेखन यांत घालविली. १९२७ मध्ये ते ब्रह्मदेशात गेले. बौद्ध देशातही पॅगोड्यांच्या दासांसारखे बहिष्कृत वर्ग आहेत हे त्यांनी तेथे नोंदविले आणि १९३३ च्या ‘भारतीय अस्पृश्यतेचा प्रश्न’ या ग्रंथात त्यावर लिहिले. आम्हां बौद्धांना ते प्रकरण वाचताना अवघडल्यासारखे होते, म्हणूनच ते वरच्या वर्गांतील मुलांना वाचावयास द्यावे असे आम्ही ठरविले आहे. १९३० च्या कायदेभंगात त्यांनी येरवड्याचा तुरुंगवासही भोगला. २ जानेवारी १९४४ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले.

पुढच्याच वर्षी, ८ जुलै १९४५ रोजी, बाबासाहेबांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली. पुण्याच्या नाना पेठेत अहिल्याश्रम अद्याप उभा आहे. यंदाच्या सहलीत मुलांना तेथे न्यावयाचे आहे, आणि परत आल्यावर सभागृहातील भिंतीवर चौथी तसबीर लावावी की नाही, हे विद्यार्थी मंडळाने ठरवावयाचे आहे.