विठोबा माघारी आणणारे भानुदास महाराज

नाथबाबांची पालखी पैठणहून निघते ती हादगाव, लाडजळगाव करत आपल्याच जिल्ह्यातून जाते. दर्शनाला सगळं गाव लोटतं. पण नाथांचे पणजोबा भानुदास महाराज, ज्यांनी पंढरीचा देव पंढरीला आणला, ते आताच्या पोरांना ठाऊक नसतात. म्हणून चौथी शिकलेले आम्ही लिहायला बसलो.

लहानपणी बाप रागावला म्हणून भानुदास घर सोडून एका पडक्या देवळात सात दिवस सूर्यनारायणाची उपासना करत बसले. मोठेपणी कापड विकलं. खरेदी केवढ्याची आणि नफा किती, हे गिऱ्हाइकाला आधीच सांगायचे. बाकीचे व्यापारी जळायचे, जळणारच.

तेव्हा विजयनगरात कृष्णदेवराय होता. १५०९ साली गादीवर बसलेला. त्यानं विठोबा आपल्या राजधानीत नेला, असं संप्रदायात सांगतात. राजा देवाचा वैरी नव्हता, भक्तच होता. पण पंढरी ओस पडली. भानुदास पायी तिकडं गेले. देवानं गळ्यातला रत्नहार त्यांना दिला, सकाळी चोरीचा आळ आला आणि सुळाची शिक्षा झाली. त्या सुळालाच पालवी फुटली. राजानं पाय धरले, देव माघारी आला. भानुदासांची समाधी विठोबाच्या देवळातच आहे.

पुढं १५६५ साली राक्षसतागडीची लढाई झाली. विजयनगर धुळीला मिळालं, देवळं फुटली. त्या फौजांत आपल्या नगरचा हुसेन निजामशहाही होता. कीर्तनात हे आलं की काही जण एकाच धर्माकडं बोट दाखवतात. आम्ही त्यांना शृंगेरीचं सांगतो. १७९१ साली मराठी फौजेबरोबरच्या लुटारूंनी तिथला शारदेचा मठ लुटला, आणि देवीची पुन्हा स्थापना व्हावी म्हणून पैसा पाठवला तो टिपू सुलतानानं. आपल्या श्रीगोंद्याचे शेख महंमद महाराज जन्मानं मुसलमान, पण संतांच्या मांदियाळीतले. लुटारूची जात विचारत बसू नये.

मागं आम्ही दिंडीतली काही मंडळी हंपीला गेलो होतो. पन्नासाच्या नोटेवर छापलेला दगडी रथ तिथल्या विठ्ठलाच्याच देवळासमोर आहे. देऊळ केवढं, खांब कसले कोरलेले! आत गाभारा मोकळा. आमच्यातली एक म्हातारी पंढरीची तुळस घेऊन आली होती. तिनं ती उंबऱ्यावर ठेवली, आणि देव घरी सुखरूप आहे असं त्या मोकळ्या गाभाऱ्याला सांगून आली.