मॅकॅरिसन साहेबांची मेस

सबमिशनचे दिवस आले की होस्टेलवर दोन गोष्टी हमखास वाढतात. एक म्हणजे झेरॉक्सच्या दुकानातली गर्दी आणि दुसरी पोट बिघडलेल्यांची संख्या. दोष अर्थातच पाण्याला! गंमत म्हणजे शंभरेक वर्षांपूर्वी एका हुशार डॉक्टरांनीही सुरुवात पाण्यापासूनच केली होती. तिथून ते ताटापर्यंत कसे पोचले, त्याची ही गोष्ट.

रॉबर्ट मॅकॅरिसन यांचा जन्म १८७८ साली आयर्लंडमधल्या पोर्टाडाउन गावी झाला. बेलफास्टला डॉक्टर झाले आणि १९०१ मध्ये इंडियन मेडिकल सर्व्हिसमधून हिंदुस्थानात आले. नेमणूक कुठे, तर थेट चित्रळ आणि गिलगिटच्या डोंगरात. तिथे गावंच्या गावं गलगंडाने गळा सुजलेली. एकाच प्रवाहावर वरून खाली वसलेल्या गावांची त्यांनी पाहणी केली. जसजसं खाली जावं, पाणी घाण होत जावं, तसतसे रुग्णही वाढत जावेत. मग या गृहस्थांनी काय करावं? त्या पाण्यातला गाळ स्वतः प्यायले आणि स्वयंसेवकांनाही पाजला! काहींच्या गळ्याला खरोखर सूज आली, उकळलेला गाळ पिणाऱ्यांना मात्र काही झालं नाही. त्यावरून त्यांनी ताडलं की हा आजार आतड्यातल्या जंतूंचा आहे. म्हणून ते गलगंडावर आतड्यातले जंतू मारणारी औषधं देऊ लागले. गलगंडाचं मुख्य कारण आयोडीनची कमतरता, हे आज शाळेतलं पोरसुद्धा सांगेल. पण आतड्यातल्या जंतूंचा शरीराच्या दुसऱ्या टोकाशी संबंध असू शकतो, हा विचार त्या काळात करणं म्हणजे साधी गोष्ट नव्हती.

१९१८ मध्ये ते निलगिरीतल्या कुन्नूरला आले. पाश्चर इन्स्टिट्यूटमधली एक खोली, एवढीच त्यांची प्रयोगशाळा. विषय होता बेरीबेरी. इथे त्यांनी माकडांवर केलेले प्रयोग मला सगळ्यात महत्त्वाचे वाटतात. काही माकडांना चांगलं, सकस अन्न दिलं. बाकीच्यांना पॉलिश केलेला तांदूळ, तोही ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे आपल्या प्रेशर कुकरच्या थोरल्या भावात, जीवनसत्त्वं मरेपर्यंत शिजवलेला. निकृष्ट अन्नावरच्या माकडांची आधी भूक गेली, मग जुलाब लागले, आव पडली. फाडून पाहिलं तर मोठ्या आतड्याला सूज, आतलं अस्तर खराब. सकस जेवणारी माकडं मात्र ठणठणीत! मॅकॅरिसन यांनी अर्थ असा लावला की जंतू आसपास असतातच, पण अन्न निकस झालं की आतड्याची भिंत त्यांना अडवू शकत नाही. पाण्यापासून निघालेला माणूस असा ताटाशी येऊन पोचला. १९२१ मध्ये यावर त्यांचा ग्रंथ आला.

आणि १९२३ मध्ये सरकारी काटकसरीत हे काम चक्क बंद पडलं! उपासमारीच्या देशात अन्नावरचं संशोधन म्हणजे चैन ठरली. दोनेक वर्षांनी ते पुन्हा सुरू झालं, तेही त्यांच्या चिकाटीमुळे.

पुढचा प्रयोग तर आपल्यासाठीच केलाय असं वाटावं. उंदरांचे गट केले आणि प्रत्येक गटाला एकेका प्रांतातल्या लोकांचं जेवण दिलं. शेवटी सरासरी वजनं मोजली. शीख जेवणावर २३५ ग्रॅम, पठाणी २३०, मराठा २२५ आणि सर्वात खाली मद्रासी १५५. म्हणजे आपलं डिस्टिंक्शन थोडक्यात हुकलं म्हणायचं! दूध आणि न पॉलिशलेलं धान्य यांनी फरक पाडला होता. उंदीर म्हणजे माणूस नव्हे आणि वजन म्हणजेच तब्येत नव्हे, हेही खरं. आणखी एका गटाला गरीब इंग्रजांचं जेवण दिलं : पांढरा पाव, मार्गारीन, जॅम, गोड चहा, डब्यातलं मटण. ते उंदीर खुरटले, सांभाळणाऱ्यांना चावू लागले, पुढे आपल्यातल्या दुबळ्यांना मारून खाऊ लागले. त्यांच्यात फुफ्फुसाचे आणि आतड्याचे आजार जास्त दिसले. (परीक्षेच्या आठवड्यातली आपली कॉरिडॉर आठवली ना?)

यामागची यंत्रणा त्यांना पूर्ण माहीत असणं शक्य नव्हतं. आपल्या मोठ्या आतड्यात कित्येक लाख कोटी जिवाणू राहतात. कोंडा, डाळीची सालं, भाज्यांचा चोथा आपल्याला पचत नाही, तो ते आंबवतात. त्यातून ब्युटिरेटसारखी आम्लं तयार होतात आणि आतड्याच्या अस्तरातल्या पेशी त्यांवर जगतात. चोथा मिळालाच नाही तर काही जिवाणू अस्तरावरचा चिकट थरच खाऊ लागतात, असं उंदरांत दिसलं आहे. मग जिवाणू आणि भिंत समोरासमोर येतात आणि दाह सुरू होतो.

आता आपल्या भागाकडे बघा. शिरूरकडचा घोड नदीचा पट्टा कमी पावसाचा. बाजरीची भाकरी, मटकी-हुलग्याची उसळ, ताक हे तिथलं जुनं जेवण. दौंडकडे कालव्याबरोबर ऊस आला, गुऱ्हाळं आली. रांजणगावला एमआयडीसी आली आणि शिफ्टवाल्यांच्या डब्यात पाव-बिस्किटं शिरली. पैसा आला ते चांगलंच झालं, पण ताटातला चोथा गेला. मात्र कुणाला खरोखर कोलायटिस किंवा क्रोन्सचा आजार असेल, तर भाकरीने बरं होईल असं समजू नये. त्याला आनुवंशिकतेसह अनेक कारणं असतात, आणि आजार उसळलेला असताना भरड अन्न त्रासही देतं. तिथे डॉक्टरच हवा.

मॅकॅरिसन यांना १९३३ मध्ये सर ही पदवी मिळाली. १९३५ मध्ये ते निवृत्त होऊन मायदेशी परतले आणि १९६० साली वारले. हुंझाच्या लोकांना पोटाचे आजार होत नाहीत, असं त्यांनी लिहून ठेवलं होतं. त्यावर पुढे इतरांनी दीर्घायुष्याच्या भलत्याच कथा रचल्या. कुन्नूरची ती एका खोलीतली प्रयोगशाळा मात्र वाढत गेली, १९५८ मध्ये हैदराबादला हलली, आणि १९६९ पासून तिला राष्ट्रीय पोषण संस्था म्हणतात. कुठल्या भारतीय पदार्थात किती प्रथिनं, किती चोथा, याचे आपल्याकडचे तक्ते तिथेच तयार होतात.