इंग्रजांकडे मोठी जहाजं होती, पण कान्होजी आंग्रेंना वारा आणि भरती-ओहोटी कळत होती

परळच्या भोईवाड्याला लागूनच हाफकिन संस्थेची जुनी दगडी इमारत आहे. लसींमुळे ती सगळ्यांना माहीत असते. पण त्याआधी अनेक वर्षं हा मुंबईच्या गव्हर्नरचा बंगला होता. १७१९ च्या सुमारास चार्ल्स बून नावाच्या गव्हर्नरने ही जागा शहराबाहेरचं घर म्हणून वापरायला घेतली.

या बूनसाहेबाला एका माणसाने अक्षरशः जेरीस आणलं होतं. बूनने मुंबईला तटबंदी घातली, नवी लढाऊ जहाजं बांधून घेतली, मोहिमांमागून मोहिमा काढल्या. तरी तो माणूस काही हाती लागला नाही. १७२२ च्या सुरुवातीला बूनची कारकीर्द संपली आणि तो मायदेशी निघाला. तो माणूस मात्र अलिबागला पाय रोवून उभाच होता.

त्यांचं नाव सरखेल कान्होजी आंग्रे.

आज अलिबाग, काशीद किंवा गोव्याच्या आश्वे-मोरजीच्या किनाऱ्यावर विंडसर्फिंग, काइटसर्फिंग करणारी पोरं पाण्यात उतरण्याआधी दोन गोष्टी बघतात. वारा कुठून किती वाहतोय आणि भरती किती वाजता आहे. ३०० वर्षांपूर्वी याच किनाऱ्यावर कान्होजींचं अख्खं आरमार या दोन गोष्टींवर चालत होतं.

सुवर्णदुर्गावरचा पोरगा

कान्होजींचा जन्म १६६९ च्या सुमारासचा. घराण्याचं मूळ आडनाव संकपाळ. आंगरवाडी या गावावरून ते आंग्रे झाले. वडील तुकोजी शिवाजी महाराजांच्या आरमारात होते. त्यामुळे कान्होजींचं लहानपण हर्णैजवळच्या सुवर्णदुर्गाच्या परिसरात, कोळी आणि भंडारी खलाशांच्या संगतीत गेलं.

या खलाशांकडे शाळा नव्हती, पण हिशेब पक्का होता. तिथीला पाऊणने गुणायचं, की भरतीची वेळ मिळते. म्हणजे पंचमी असेल तर पाच गुणिले पाऊण, पावणेचार. पहाटे पावणेचार आणि दुपारी पावणेचारच्या आसपास पूर्ण भरती. अष्टमीला सकाळी आणि संध्याकाळी सहाला भरती, म्हणजे ओहोटी दुपारी बाराच्या सुमारास. कोकणात हा आडाखा आजही सांगितला जातो.

यामागचं कारण चंद्र आहे. चंद्र रोज साधारण ५० मिनिटं उशिरा उगवतो, म्हणून भरतीही रोज तेवढीच पुढे सरकते. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास सूर्य आणि चंद्राची ओढ एका रेषेत येते आणि उधाणाची भरती येते. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती, म्हणजे पाणी कमी चढतं आणि कमी उतरतं. मुंबई-अलिबागच्या पट्ट्यात उधाणाला भरती आणि ओहोटीच्या पातळीत ४ ते ५ मीटरचा फरक पडू शकतो. जिथे सकाळी जहाज तरंगत होतं, तिथे दुपारी ते चिखलात रुतू शकतं.

संभाजी महाराजांच्या हत्येनंतर मराठी राज्य अडचणीत होतं. मुघल आणि जंजिऱ्याचा सिद्दी यांनी कोकणावर दाब वाढवला होता. सुवर्णदुर्गाचा किल्लेदार शत्रूला फितूर होतोय असं दिसल्यावर तरुण कान्होजींनी त्याला कैद केलं आणि किल्ला लढवून राखला, असं सांगितलं जातं. तिथून त्यांचं नाव झालं. १६९८ च्या सुमारास आरमाराची सूत्रं त्यांच्याकडे आली. राजाराम महाराजांनंतर ते ताराबाईंच्या बाजूने राहिले.

वाऱ्याचं गणित

आता मुद्दा असा, की कान्होजींची जहाजं इंग्रजांच्या मोठ्या जहाजांपुढे लहान होती. तोफाही कमी होत्या. मग ते जिंकत कसे होते?

त्यांच्याकडे मुख्यतः दोन प्रकारची जहाजं होती. गुराब आणि गलबत. गुराबाला दोन किंवा तीन डोलकाठ्या असायच्या आणि पुढच्या टोकावर तोफा. गलबत त्याहून लहान, हलकं, तिरक्या शिडाचं. त्याला ४०-५० वल्ही असायची. दोन्हींचा तळ उथळ. म्हणजे कमी पाण्यातही ती चालायची, खाडीत शिरायची आणि ओहोटीला वाळूवर टेकली तरी फार बिघडायचं नाही.

कोकण किनाऱ्यावर पावसाळा सोडला तर वाऱ्याची रोजची एक शिफ्ट असते. रात्री जमीन समुद्रापेक्षा लवकर थंड होते, म्हणून पहाटे वारा जमिनीवरून समुद्राकडे वाहतो. हा मतलई वारा. दुपारी जमीन तापते आणि वारा उलटतो. समुद्राकडून येणारा हा खारा वारा. हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात तो बहुतेक वायव्येकडून येतो. या दोन वाऱ्यांच्या मधे, सकाळी उशिरा, बऱ्याचदा वारा पडतो.

हीच पडत्या वाऱ्याची वेळ मोठ्या जहाजांसाठी घातक होती. शिडं लोंबकळायची आणि जहाज जागच्या जागी उभं राहायचं. त्याच्या तोफा दोन्ही बाजूंना असायच्या, पण जहाज वळलंच नाही तर त्या शत्रूवर रोखणार कशा? कान्होजींची गलबतं वल्हवत यायची, दोरांनी गुराबं ओढत आणायची आणि शत्रूच्या मागच्या बाजूने तोफा डागायची. शिडं आणि डोलकाठ्या निकामी झाल्या की चहूबाजूंनी माणसं जहाजावर चढायची.

शत्रू भारी पडतोय असं दिसलं तर उथळ खाडीत निघून जायचं. मोठं जहाज मागे येऊ शकायचं नाही. जून ते सप्टेंबर नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यात समुद्र खवळलेला असायचा. तेव्हा जहाजं खाडीत ओढून डागडुजी करायची. नारळी पौर्णिमेनंतर समुद्र शांत होऊ लागला की पुन्हा मोसम सुरू.

चाचा की राजा?

इंग्रज कान्होजींना चाचा, म्हणजे समुद्री लुटारू म्हणायचे. भांडण खरं तर दस्तकावरून होतं. दस्तक म्हणजे समुद्रात फिरायचा परवाना. पोर्तुगीज आणि इंग्रज आपापले परवाने द्यायचे आणि त्यांच्याशिवाय फिरणारी जहाजं पकडायचे. कान्होजींनी तेच केलं. कोकणचा किनारा मराठ्यांचा आहे, तर या पाण्यातून जाणाऱ्याने मराठ्यांचा दस्तक घ्यावा, ही त्यांची भूमिका होती. हा हक्क युरोपीय बजावत तेव्हा तो कायदा ठरायचा आणि कान्होजी बजावत तेव्हा लूट.

१७१२ मध्ये तर त्यांच्या आरमाराने मुंबईच्या गव्हर्नरचं खासगी जहाजच पकडलं. त्यावरून प्रवास करणारा कारवारच्या वखारीचा प्रमुख लढाईत मारला गेला आणि त्याची तरुण पत्नी कैद झाली. खंडणी घेऊन तिला सोडण्यात आलं. त्यानंतर काही काळ तह झाला.

त्याच सुमारास शाहू महाराज आणि ताराबाई यांच्यातला संघर्ष टिपेला होता. शाहूंनी पेशवे बहिरोपंत पिंगळे यांना कान्होजींवर पाठवलं, तर कान्होजींनी त्यांनाच कैदेत टाकलं. मग बाळाजी विश्वनाथ यांनी लढाईऐवजी बोलणी केली. कान्होजी शाहूंच्या बाजूला आले. सरखेलपद आणि किनाऱ्यावरचे किल्ले त्यांच्याकडे राहिले. समुद्राची बाजू सुरक्षित झाल्यामुळे मराठ्यांना उत्तरेकडे लक्ष देता आलं.

इंग्रजांशी झालेला तह फार टिकला नाही. १७१७ मध्ये बूनने विजयदुर्गावर हल्ला केला, तो फसला. १७१८ च्या नोव्हेंबरमध्ये खांदेरीवर मोठी मोहीम काढली. मुंबईच्या तोंडावरचं हे बेट कान्होजींच्या ताब्यात असणं इंग्रजांना सलत होतं. तीही फसली. १७२० मध्ये उथळ पाण्यात जाऊ शकेल असा खास तरंगता तोफखाना बांधून पुन्हा विजयदुर्ग गाठला. कान्होजींची ताकद कशात आहे हे इंग्रजांना कळलं होतं, हे त्यावरून दिसतं. पण किल्ला पडला नाही.

शेवटी १७२१ मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज एकत्र आले. इंग्लंडच्या राजाची ४ युद्धनौका घेऊन कमोडोर थॉमस मॅथ्यूज आला होता. लक्ष्य होतं अलिबागचा कुलाबा किल्ला.

हा किल्ला शिवाजी महाराजांच्या काळात बांधायला घेतला आणि संभाजी महाराजांच्या काळात पूर्ण झाला. त्याची खरी तटबंदी भरती आहे. ओहोटीला किनाऱ्यावरून चालत जाता येतं. काही तासांत तोच रस्ता पाण्याखाली जातो आणि किल्ला पुन्हा बेट होतो. भोवती खडक आणि उथळ पाणी. मोठ्या जहाजाला जवळ यायचं तर खडकाची भीती, पायदळाला पुढे जायचं तर घड्याळाची. डिसेंबरमध्ये दोन्ही फौजांनी हल्ला चढवला आणि तो परतवला गेला. तेवढ्यात बाजीराव पेशवे घोडदळ घेऊन पोहोचले. पोर्तुगीजांनी जानेवारी १७२२ मध्ये मराठ्यांशी वेगळा तह करून टाकला. इंग्रज एकटे पडले आणि परत गेले.

दोन वर्षांनी डचांनीही विजयदुर्गावर प्रयत्न करून पाहिला. तेही हात हलवत परतले.

४ जुलै १७२९ ला, ऐन पावसाळ्यात, कान्होजींचं निधन झालं. आरमारातल्या कुठल्याही मोठ्या किल्ल्यावर तेव्हा परकीय झेंडा नव्हता. त्यांची समाधी अलिबागमध्ये आहे.

मग हे आरमार गेलं कुठे?

दुर्दैवाने ते शत्रूपेक्षा आपसातल्या भांडणाने संपलं. सेखोजींच्यानंतर भावाभावांत वाटण्या झाल्या. कुलाबा मानाजींकडे, विजयदुर्ग संभाजींकडे आणि त्यांच्यानंतर तुळाजींकडे. तुळाजी आणि पेशव्यांचं बिनसलं आणि पेशव्यांनी इंग्रजांची मदत घेतली. फेब्रुवारी १७५६ मध्ये विजयदुर्गाच्या बंदरात तुळाजींची जहाजं जळून खाक झाली. बूनला जे सहा वर्षांत जमलं नाही, ते आपल्याच माणसांच्या साथीने इंग्रजांनी काही दिवसांत केलं. त्यानंतर पश्चिम किनाऱ्यावर कंपनीला तोडीस तोड असं मराठी आरमार पुन्हा उभं राहिलं नाही.

१९५१ मध्ये भारतीय नौदलाने मुंबईतल्या आपल्या तळाला आयएनएस आंग्रे हे नाव दिलं. खांदेरी बेटालाही आता कान्होजींचं नाव आहे. इंग्रजांच्या कागदात चाचा असलेला माणूस अशा रीतीने अधिकृतपणे आरमारप्रमुख ठरला.

वारा आणि भरतीचे नियम मात्र तेच आहेत. पश्चिमेकडे तोंड असलेल्या आपल्या किनाऱ्यांवर विंडसर्फिंग किंवा काइटसर्फिंगसाठी दुपारचा खारा वारा बरा, कारण तो वायव्येकडून तिरका येतो आणि चूक झाली तरी माणसाला किनाऱ्याकडे ढकलतो. पहाटेचा मतलई वारा पाणी सपाट ठेवतो, म्हणून तो फसवा. दोर सुटला, शीड पडलं, तर तो थेट खोल समुद्रात नेतो. पावसाळ्यात वारा भरपूर असतो, पण लाटा आणि झोत नवख्याच्या आवाक्यातले नसतात. ओहोटीला अलिबागसारख्या किनाऱ्यावर पाणी दूर जातं आणि खडक उघडे पडतात, तेव्हा बोर्डाचा खालचा पंखा आपटतो.

कुलाबा किल्ल्यावर चालत जाणाऱ्यांसाठीही हेच. तिथीचा आडाखा फक्त अंदाज देतो, म्हणून निघण्याआधी त्या दिवसाचं भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघावं, स्थानिक कोळ्यांना विचारावं आणि पाणी चढायला लागण्याआधी किनारा गाठावा. जे पाणी मॅथ्यूजच्या फौजेसाठी थांबलं नाही, ते सेल्फीसाठीही थांबत नाही.