नाव पुसलेली संस्थापिका

संस्था मोठी झाली की तिच्या कार्यालयात संस्थापकांची तसबीर लागते, वर्षातून एकदा तिला हार पडतो आणि अहवालाच्या पहिल्या पानावर त्यांच्या त्यागाचा गौरव होतो. ही प्रथा आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे की, संस्थापक हयात असावा, संस्थेच्याच आवारात राहत असावा आणि तेथील नवशिक्यांना मात्र तो कोण हे ठाऊक नसावे, अशी कल्पनाही आपल्याला करवत नाही. झान ज्यूगाँ या फ्रेंच कॅथलिक धर्मभगिनीने आयुष्याची अखेरची सत्तावीस वर्षे नेमक्या याच अवस्थेत काढली.

झान यांचा जन्म २५ ऑक्टोबर १७९२ रोजी ब्रिटनी प्रांतातील कांकाल या मच्छीमारांच्या गावी झाला. राज्यक्रांतीचा तो ऐन धामधुमीचा काळ होता. वडील समुद्रावर गेले ते परतलेच नाहीत. झान तेव्हा चार वर्षांच्याही नव्हत्या. आईने कष्ट करून मुले वाढविली. धर्मशिक्षणावर क्रांतिकारक सरकारची करडी नजर असताना, घरीच राहून व्रतस्थ जीवन जगणाऱ्या काही स्त्रिया गावातील मुलांना गुपचूप धर्म आणि थोडेफार वाचन शिकवीत. झान यांचे शिक्षण ते एवढेच. सोळाव्या वर्षाच्या सुमारास त्या एका सरदारघराण्यात स्वयंपाकघरातील मोलकरीण म्हणून लागल्या. एका खलाशाने घातलेली लग्नाची मागणी त्यांनी नाकारली आणि १८१७ मध्ये सँ-सेर्वाँ या जवळच्या गावी रुग्णालयात शुश्रूषेचे काम पत्करले.

सहा वर्षांत शरीर थकले. पुढची बारा वर्षे त्यांनी लकोक नावाच्या एका वडीलधाऱ्या बाईंकडे काढली. नाव नोकरीचे असले तरी नाते मैत्रिणीचे होते. दोघी मिळून गावातील मुलांना धर्मपाठ शिकवीत आणि गोरगरिबांची विचारपूस करीत. १८३५ मध्ये त्या बाई वारल्या. त्यानंतर झान यांनी एका वृद्ध स्त्रीबरोबर लहानसे बिऱ्हाड थाटले आणि सतरा वर्षांची एक अनाथ मुलगीही तेथे राहावयास आली.

१८३९ च्या हिवाळ्यात या बिऱ्हाडात आन शोव्हाँ नावाची अंध व अर्धांगाने जखडलेली विधवा आली. झान यांनी तिला उचलून जिन्याने वर नेले, स्वतःची खाट तिला दिली आणि आपली पथारी माळ्यावर टाकली. समिती नेमली गेली नव्हती, निधी जमला नव्हता, उद्देशपत्रिकाही निघाली नव्हती. एक खाट रिकामी झाली आणि एक संस्था जन्माला आली. झान तेव्हा सत्तेचाळीस वर्षांच्या होत्या.

एकीमागून दुसरी, दुसरीमागून तिसरी अशा निराधार वृद्धा येऊ लागल्या. त्यांतील कित्येकींनी आजवर दारोदार हात पसरून दिवस काढले होते. झान यांनी त्यांच्याकडून दात्यांची घरे विचारून घेतली आणि टोपली घेऊन त्या स्वतःच त्या दारांशी जाऊ लागल्या. आपल्याकडे माधुकरी मागणारा स्वतःच्या पोटासाठी दाराशी उभा राहतो. येथे मागणारी निराळी होती आणि जेवणारी निराळी. भीक मागण्यातला अपमान तेवढा झान यांनी आपल्याकडे घेतला. एकदा एका गृहस्थाने संतापून त्यांच्या तोंडात मारली, असे सांगतात. ही माझ्या वाट्याची झाली, आता माझ्या म्हाताऱ्यांसाठी काही द्या, एवढेच त्या म्हणाल्या.

१८४२ मध्ये चाळीसेक माणसे राहू शकतील अशी एक जुनी मठाची इमारत घेतली गेली. सोबतिणींनी झान यांना प्रमुख निवडले. १८४३ च्या डिसेंबरात त्यांची फेरनिवड झाली तेव्हा मात्र मार्गदर्शक म्हणून वावरणाऱ्या ल पायर या तरुण धर्मगुरूने ती निवड रद्द ठरविली आणि तेवीस वर्षांच्या मारी जामे हिला प्रमुखपदी बसविले. झान यांच्या हाती राहिली ती फक्त टोपली. १८४५ मध्ये फ्रेंच अकादमीने तीन हजार फ्रँकांचे माँतियाँ पारितोषिक दिले ते त्यांनाच. पण संस्थेतील त्यांचे स्थान त्याने पालटले नाही. १८५२ मध्ये रेनच्या बिशपांनी संस्थेला मान्यता दिली आणि त्याच वर्षी ल पायर यांनी झान यांना मातृगृहात बोलावून घेतले. भिक्षा बंद झाली, जुन्या दात्यांशी संबंध तुटले.

१८५६ पासून सँ-पेर्न येथील विस्तीर्ण आवारात त्या नवशिक्या भगिनींमध्ये राहिल्या. त्या मुलींच्या दृष्टीने ही भगिनी मारी द ला क्र्वा नावाची एक प्रेमळ म्हातारी होती. अधिकृत इतिहासात ल पायर हे संस्थापक ठरले होते आणि झान यांचा क्रमांक तिसरा लागला होता. झान यांनी तक्रार केली नाही. मात्र मौन म्हणजे दुबळेपणा नव्हे. संस्थेने कायमस्वरूपी ठराविक उत्पन्न स्वीकारावे काय, हा प्रश्न १८६५ मध्ये निघाला तेव्हा त्यांचे मत विचारले गेले. रोजच्या दानावरच विसंबावे, असा त्यांनी निर्वाळा दिला आणि तोच मान्य झाला. २९ ऑगस्ट १८७९ रोजी त्यांचे निधन झाले तेव्हा सुमारे दोन हजार चारशे भगिनी या कार्यात होत्या. पुढे १८९० मध्ये रोमने ल पायर यांना पदावरून दूर केले. आपण नव्हे, झान याच पहिल्या, अशी कबुली मारी जामे हिने मृत्यूपूर्वी दिली. २००९ मध्ये चर्चने झान यांना संतपद बहाल केले.

अशा चरित्रातून मौनाचा महिमा गाण्याचा मोह होतो. तो आवरला पाहिजे. झान यांची सहनशीलता थोर होती म्हणून त्यांच्यावरील अन्याय लहान ठरत नाही. टिपण एकाने लिहावे आणि नाव दुसऱ्याचे व्हावे, हा अनुभव कचेरीतल्या कारकुनाला आणि शाळेतल्या शिक्षकाला नवा नाही. असे सोसणाऱ्याला थोर म्हणून मोकळे होणे समाजाला सोयीचे असते. कारण मग हिरावून घेणाऱ्याला जाब विचारावा लागत नाही. आपले नाव सोडण्याचा हक्क झान यांना होता. ते पुसण्याचा हक्क कोणालाही नव्हता.

त्यांच्या 'गरिबांच्या धाकट्या भगिनी' १८८२ मध्ये कोलकात्यास आल्या. २००७ मध्ये आपल्या संसदेने आईवडिलांच्या निर्वाहासाठी कायदा केला. असा कायदा करावा लागावा, यातच आपल्या घरांची स्थिती दिसून येते. कायद्याने महिन्याचा खर्च मिळू शकेल. घरातली चांगली खाट कोणाला द्यावयाची, हे मात्र ज्याचे त्यालाच ठरवावे लागते. झान यांनी ते एका हिवाळ्यात ठरविले आणि त्याचे श्रेय कोणाच्या नावावर जमा होते हे पाहत त्या थांबल्या नाहीत. ते पाहण्याचे काम त्यांच्याभोवतीच्या माणसांचे होते, आणि ती त्यात उणी पडली.