नाना पाटील : गावांनी लपवलेला माणूस

१९४३ साली भवानीनगरच्या पोलीस चौकीसमोर नवरा-बायकोचं जोरदार भांडण लागलं. नवरा मारतोय, सतरा वर्षांची बायको ओरडतेय, त्याने तर डोक्यात घालायला दगड उचलला. चौकीतले पोलीस बाहेर धावले. तेवढ्या वेळात दुसरीकडून काही तरुण आत शिरले आणि बंदुका, काडतुसं घेऊन पसार झाले. भांडण खोटं होतं, मार मात्र खरा बसला होता. ती मुलगी म्हणजे हौसाबाई, क्रांतिसिंह नाना पाटलांची लेक.

हत्यारबंद सरकारशी लढायचं आणि हातात काठ्या, गोफणी. मग हत्यारं सरकारकडूनच आणायची, असा हा सगळा हिशोब होता.

नानांचा जन्म ३ ऑगस्ट १९०० चा, गाव वाळवा तालुक्यातलं येडेमच्छिंद्र. शाळा थोडीफार झाली आणि तलाठ्याची नोकरी लागली. त्या काळी शेतकऱ्याच्या पोराला तलाठीपद म्हणजे मोठीच गोष्ट. १९३० च्या कायदेभंगात त्यांनी ती सोडली. सत्यशोधक विचारांचा संस्कार होताच. अंगाने पहिलवान, आवाज खणखणीत, भाषा रांगडी. सभेला बायाबापड्यासुद्धा गर्दी करायच्या, कारण हा माणूस त्यांच्याच बोलीत बोलायचा. नंतरची बारा वर्षं गावोगाव फिरणं आणि तुरुंगाच्या वाऱ्या यातच गेली.

ऑगस्ट १९४२ मध्ये पुढारी पकडले गेले. सप्टेंबरात तासगाव, वडूज, इस्लामपूर इथे लोक कचेऱ्यांवर चालून गेले. वडूज आणि इस्लामपूरला गोळ्या चालल्या, माणसं मेली. नुसते मोर्चे काढून भागणार नाही हे तिथे कळलं. नाना भूमिगत झाले, आणि पुढच्या वर्षी सातारा जिल्ह्यात प्रतिसरकार उभं राहिलं. आजचा सांगली जिल्ह्याचा बराच भाग तेव्हा साताऱ्यातच होता. मधेमधे संस्थानांचे तुकडे होते, हेही कामाला आलं. मुख्य ठाणं असलेलं कुंडल औंध संस्थानातलं. ब्रिटिश पोलिसांना तिथे आपल्या मुलखासारखा मोकळा हात नव्हता.

प्रतिसरकारची फौज म्हणजे तुफान सेना. जी. डी. बापू लाड आणि कॅप्टन भाऊ (रामचंद्र लाड) हे तिचे म्होरके. ७ जून १९४३ रोजी शेणोलीजवळ त्यांनी रेल्वे अडवली आणि पगाराची रक्कम नेली. पुढच्याच महिन्यात, २४ जुलैला, वसंतदादा पाटील साथीदारांसह सांगलीचा तुरुंग फोडून बाहेर पडले. त्या पळापळीत दोन साथीदार गेले, अण्णासाहेब पत्रावळे आणि बाबुराव जाधव. दादांना स्वतःला गोळी लागली. १४ एप्रिल १९४४ ला तर थेट खानदेशात, चिमठाण्याजवळ, सरकारी खजिना लुटला. रक्कम साडेपाच लाखांच्या घरात.

या धाडींच्या पुढे नाना स्वतः बंदूक घेऊन धावत नव्हते. त्यांचं काम वेगळं होतं, आणि माझ्या मते जास्त अवघड होतं. धाड अर्ध्या तासात संपते. त्यानंतर त्या पोरांना आसरा कोण देणार? भाकरी कोण देणार? पोलीस दारात आल्यावर गप्प कोण बसणार? नानांच्या डोक्यावर बक्षीस होतं, घरदार आणि जमीन जप्त झाली होती. तरी जवळपास चार वर्षं ते हाती लागले नाहीत. गावं फुटली नाहीत.

का फुटली नाहीत, तर प्रतिसरकारने गावाचं काम केलं म्हणून. न्यायमंडळं बसवली, सावकाराने दाबलेल्या जमिनी सोडवल्या, दारूभट्ट्या बंद केल्या. फितुरांना आणि गुंडांना तळपायावर काठ्या बसायच्या, तिथूनच लोकांनी 'पत्री सरकार' हे नाव धरलं. ही शिक्षा आज वाचताना अंगावर येते. वर दाद मागायला जागा नव्हती, हेही खरं. पण दरोडेखोरांचा सुळसुळाट झालेल्या त्या मुलखात लोकांना हाच आधार वाटला.

गांधी विवाह ही आणखी एक चांगली चाल. हुंडा नाही, वाजंत्री नाही, कर्ज नाही, थोडक्या खर्चात लग्न. साध्या निकाहचं बयान आपण दर जुम्म्याला ऐकतो आणि हॉलवाल्याला ॲडव्हान्स देऊन येतो. साताऱ्याच्या शेतकऱ्यांनी ते ऐंशी वर्षांपूर्वी करून दाखवलं.

१९४६ मध्ये नाना उघडपणे लोकांसमोर आले. स्वातंत्र्यानंतर सत्तेच्या बाजूला गेले नाहीत. आधी शेतकरी कामगार पक्ष, मग कम्युनिस्ट पक्ष. संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत १९५७ ला साताऱ्यातून खासदार झाले आणि लोकसभेत मराठीतून बोलले. १९६७ ला बीडने त्यांना निवडून दिलं. बीड म्हणजे जुना निजामी मुलूख, नानांचं तिथे ना गाव ना भावकी. तरीही लोकांनी मत दिलं.

६ डिसेंबर १९७६ रोजी मिरजेत त्यांचं निधन झालं. अंत्यसंस्कार वाळव्याला झाले, त्यांची तशी इच्छा होती.