वाळूतला इंजिनिअर : राल्फ बॅग्नोल्ड

जीप म्हटलं की आपल्या कॉलेजातल्या निम्म्या जनतेचे डोळे चमकतात. कोणाच्या तरी काकांची जुनी कमांडर असते, कोणाच्या गावाकडे एम.एम. ५४० उभी असते, आणि मग कँटीन बंद होईपर्यंत एकच चर्चा. टायर कोणते टाकायचे, विंच किती टनाची, स्नॉर्केल लावायचा की नाही, टपावर लाइटचा बार केवढा! या चर्चेत ज्याचं नाव मी कधीच ऐकलं नाही, त्याच्यावर आज लिहायचं आहे. वाळूत शिरताना टायरची हवा कमी करायची, रुतलेल्या चाकाखाली पत्र्याच्या पट्ट्या सरकवायच्या, टेकडीवर कुठल्या बाजूने चढायचं, या सगळ्या गोष्टी जवळजवळ शंभर वर्षांपूर्वी त्याने स्वतःच्या गाडीवर करून पाहिल्या. आणि मित्रांनो, त्याच्या गाडीला फोर-व्हील ड्राइव्ह नव्हताच!

त्याचं नाव राल्फ बॅग्नोल्ड. मला तो भेटला एका पुस्तकाच्या तळटिपेत. ‘बॅग्नोल्ड नंबर’ नावाची एक राशी आहे. द्रवात किंवा हवेत सुटे कण वाहत असतील तर कणांच्या आपसातल्या टकरी महत्त्वाच्या की द्रवाचा चिकटपणा, ते तिच्यावरून कळतं. वायवाला येईल म्हणून मी वाचायला घेतलं, आणि शोधता शोधता हा प्रोफेसर नसून फौजेतला माणूस निघाला. मग मी ती राशी बाजूला ठेवली आणि माणूसच वाचत बसले.

जन्म ३ एप्रिल १८९६, इंग्लंडमधल्या डेव्हनपोर्टचा. वडील रॉयल इंजिनिअर्समध्ये कर्नल. खार्टूममध्ये अडकलेल्या गॉर्डनला सोडवायला १८८४-८५ मध्ये जी फौज नाईलवरून गेली, तिच्यात ते होते. बहीण एनिड पुढे लेखिका झाली. ‘नॅशनल व्हेल्वेट’ ही घोड्याची गोष्ट तिचीच. राल्फ वूलिचच्या मिलिटरी अकॅडमीतून १९१५ मध्ये रॉयल इंजिनिअर्समध्ये गेला आणि तिथून थेट फ्रान्सच्या खंदकांत. सोम, ईप्र, पाशेंडाल ही नावं आपण दहावीच्या इतिहासात पाठ करतो, तिथे हा वीस-एकवीस वर्षांचा होता. म्हणजे आपल्याच वयाचा! युद्ध संपल्यावर त्याने केंब्रिजला इंजिनिअरिंग केलं आणि सिग्नल्समध्ये परत रुजू झाला.

१९२६ च्या सुमाराला त्याची कैरोला बदली झाली. इथून खरी गोष्ट सुरू होते.

कैरोत ऑफिसर लोक सुट्टीत पोलो खेळायचे. बॅग्नोल्ड आणि त्याच्या चार मित्रांनी स्वतःच्या खिशातून फोर्ड मॉडेल टी घेतल्या आणि ते वाळवंटात जायला लागले. मॉडेल टी म्हणजे त्या काळची सगळ्यात साधी गाडी. जेमतेम २० हॉर्सपॉवर, आणि पाण्याचा पंपच नाही. गरम पाणी आपोआप वर जाणार, थंड होऊन खाली येणार. पेट्रोलचंही तेच. टाकीतून इंजिनाकडे ते आपल्या वजनाने उतरायचं, त्यामुळे टाकी रिकामी होत आली आणि चढ आला की गाडी रिव्हर्समध्ये चढवायची! पण गाडी हलकी होती, जमिनीपासून उंच होती आणि हातोडी-पान्यांनी दुरुस्त होत होती.

आता मॉडिफिकेशन. आपल्याकडे मॉडिफिकेशन म्हणजे गाडीला काहीतरी लावणं. बॅग्नोल्डने आधी काढायला घेतलं. बॉडीचा वरचा भाग काढला आणि मागे सामान ठेवायला लाकडी खोका बसवला. वाचवलेलं वजन पाणी आणि पेट्रोल नेण्यात घातलं. मी आमच्या कॉलेजच्या बाहा टीममध्ये आहे. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : दहा हॉर्सपॉवरच्या इंजिनावर विद्यार्थ्यांनी स्वतः बनवलेल्या ऑल-टेरेन गाडीची ही स्पर्धा असते. तिथे दर मीटिंगमध्ये कोणीतरी एखादा ब्रॅकेट वाढवतो, आणि वजनकाट्यावर गाडी चढली की सगळे एकमेकांकडे बघतात. त्यामुळे या लाकडी खोक्याचा फोटो मी प्रिंट काढून वर्कशॉपमध्ये चिकटवलाय. अजून कोणी फाडला नाही.

वाळवंटात पहिलं संकट रेडिएटरचं. मऊ वाळूत इंजिन ताण घेतं, पाणी उकळतं आणि वाफ होऊन जातं. वारा मागून असेल तर आणखीनच वाईट, कारण रेडिएटरला हवाच मिळत नाही. मग गाडी वळवून तोंड वाऱ्याकडे करून उभी करायची. माणसाला प्यायला पाणी कमी आणि गाडी घटाघटा पिणार, हे कसं चालेल? त्यासाठी पहिल्या महायुद्धातल्या मोटार-गस्तीवाल्यांची एक जुनी युक्ती त्याने उचलली आणि पक्की केली. रेडिएटरची ओव्हरफ्लोची नळी बाहेर न सोडता बाजूला बांधलेल्या डब्यात नेली. डबा पाण्याने अर्धा भरलेला. वाफ आली की त्या पाण्यात शिरून थंड होणार, आणि इंजिन गार झालं की आतल्या निर्वातामुळे पाणी आपोआप परत रेडिएटरमध्ये. खर्च एक डबा आणि एक नळी. आज अनेक कारच्या बोनेटखाली कूलंटची जी प्लॅस्टिकची बाटली दिसते, ती याच तत्त्वावर चालते.

दुसरं संकट रुतण्याचं. कैरोच्या भंगारात त्याला जाड लोखंडी पन्हळी सापडल्या, महायुद्धात खंदकांच्या छपरांसाठी बनवलेल्या. चाक रुतलं की वाळू हाताने उकरायची, पन्हळ चाकाखाली घालायची, सगळ्यांनी ढकलायचं, गाडी बाहेर आली की पन्हळ उचलून परत पुढे पळायचं. दिवसातून किती वेळा, याला हिशेब नाही. हे ‘अॅडव्हेंचर’ वाचायला मस्त वाटतं, पण खरं म्हणजे ती हमाली आहे.

तिसरं संकट दिशेचं. गाडीत लोखंड असल्यामुळे चुंबकीय होकायंत्र चुकतं. दर थोड्या वेळाने उतरून, गाडीपासून लांब जाऊन बघायचं म्हणजे दिवस तिथेच संपला. म्हणून सूर्य-होकायंत्र. आडवी तबकडी, तिच्यावर ३६० अंश, मध्ये उभी सुई. सूर्य कुठल्या वेळेला कुठल्या दिशेला असतो याचे तक्ते जवळ ठेवायचे, तबकडी त्याप्रमाणे फिरवायची आणि सुईची सावली ठरलेल्या अंशावर राहील अशी गाडी हाकायची. थांबायची गरज नाही! ही कल्पनाही आधीची, पण चालत्या गाडीवर रोज वापरता येईल असं रूप तिला बॅग्नोल्डने दिलं. उन्हाळ्यात भर दुपारी सूर्य डोक्यावर आला की सावलीच उरत नाही. तेव्हा सक्तीची जेवणाची सुट्टी. रात्री तारे बघून जागा नक्की करायची.

आता ‘ग्रेट सँड सी’. इजिप्त आणि लिबियाच्या सीमेवर शेकडो किलोमीटर पसरलेल्या, साधारण उत्तर-दक्षिण धावणाऱ्या वाळूच्या रांगा. १८७४ मध्ये रोल्फ्स नावाचा जर्मन संशोधक उंट घेऊन पश्चिमेला निघाला होता. त्या रांगा आडव्या ओलांडता येईनात म्हणून तो उत्तरेला वळला आणि दोन रांगांमधून चालत सिवा ओॲसिसला पोचला. उंटाला जमलं नाही ते मोटार काय करणार, असंच सगळ्यांना वाटत होतं. बॅग्नोल्डची १९२८ मध्ये भारतात, वायव्य सरहद्दीकडे बदली झाली होती, तरी डोक्यात ही वाळूच. आता मॉडेल टीच्या जागी ४० हॉर्सपॉवरची मॉडेल ए आली होती. १९२९ आणि १९३० मध्ये तो त्या रांगांवर गेलाच.

आणि तिथे एक विचित्र गोष्ट कळली. हळूहळू, सांभाळून चढलं की गाडी रुतते. सपाटीवरून पूर्ण वेगात त्या पिवळ्या भिंतीवर गाडी घातली की गाडी सरळ वर जाते! पण माथ्यावर पोचल्यावर थांबता आलं पाहिजे, कारण पलीकडची बाजू म्हणजे तेहतीस-चौतीस अंशांची घसरगुंडी. वाऱ्याकडची बाजू टणक का आणि पलीकडची भुसभुशीत का? वाळू तर तीच. इतरांनी हे डोळ्यांनी ओळखायला शिकून घेतलं असतं आणि पुढे गेले असते. बॅग्नोल्डला मात्र हा प्रश्न चिकटला. १९३२ मध्ये त्याने आणखी मोठी, हजारो मैलांची फेरी केली, लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने सुवर्णपदक दिलं, १९३५ मध्ये ‘लिबियन सँड्स’ हे पुस्तक आलं. त्याच वर्षी तो फौजेतून निवृत्त झाला. आणि पेन्शनीत काय केलं? लंडनच्या इम्पीरियल कॉलेजात स्वतःच्या हातांनी एक विंड टनेल बांधलं आणि आत वाळू भरून वारा सोडला.

त्यात दिसलं ते असं. वाळूचे कण धुळीसारखे हवेत तरंगत नाहीत, ते उड्या मारतात. एक कण उडतो, वारा त्याला पुढे नेतो, खाली आपटताना तो आणखी कणांना उडवतो. म्हणून वादळात खरी वाळू जमिनीलगतच पळते. वाऱ्याकडच्या बाजूवर हे कण सतत आपटून जमीन ठोकून पक्की करतात. पलीकडे मात्र कण नुसते माथ्यावरून ओघळून सैल पडतात. चाक कुठे रुतणार याचं उत्तर हे! वाळूवर घासणाऱ्या वाऱ्याचा जोर मोजायला जो वेग वापरतात त्याच्या घनाच्या प्रमाणात वाळू वाहते, हेही सूत्र त्याने मांडलं. पुस्तक १९४१ मध्ये छापलं गेलं, ‘द फिजिक्स ऑफ ब्लोन सँड अँड डेझर्ट ड्यून्स’. तेव्हा लेखक मात्र परत त्याच वाळूत होता, बंदुका लावलेल्या ट्रकांसह.

१९३९ मध्ये युद्धासाठी त्याला परत बोलावलं आणि केनियाला निघालेल्या जहाजावर बसवलं. भूमध्य समुद्रात टक्कर झाली, जहाज दुरुस्तीला पोर्ट सईदला लागलं. बॅग्नोल्ड कैरोला जुन्या मित्रांना भेटायला गेला, आणि जनरल वेव्हेलने त्याला इजिप्तमध्येच ठेवून घेतलं. जून १९४० मध्ये इटली युद्धात उतरल्यावर त्याने योजना दिली : शत्रू ज्या वाळवंटाला भिंत समजतो त्यातून गाड्या नेऊन त्याच्या पाठीमागे जायचं. तयारीला वेळ मिळाला सहा आठवडे. हीच पुढे ‘लाँग रेंज डेझर्ट ग्रुप’ झाली. माणसं त्याने न्यूझीलंडच्या फौजेतून मागितली. बरेचसे शेतकरी, स्वतःच्या गाड्या स्वतः सांभाळणारे. ट्रक शेवरोले, दीड टनी, टू-व्हील ड्राइव्ह. दारं काढली, टप काढला, काच काढली, पाटे वाढवले, तो रेडिएटरचा डबा बसवला. पायात बूट नको म्हणून वायव्य सरहद्दीवरच्या चपला! पाणी माणशी दिवसाला साडेतीन लिटरच्या आत, चहा धरून. (आपल्याकडे एप्रिलमध्ये हॉस्टेलची टाकी अर्धा दिवस बंद असली की वॉर्डनकडे मोर्चा जातो.) १९४१ मध्ये त्यांना फोर-व्हील ड्राइव्ह फोर्ड मिळाले, पण ते जड होते आणि पेट्रोल फार खायचे, १९४२ मध्ये परत टू-व्हील ड्राइव्ह शेवरोले आल्या. हे वाक्य मी कँटीनच्या भिंतीवर लिहिणार होते.

पण गाडी गेली तर काय होतं, तेही याच तुकडीने पाहिलं. ३१ जानेवारी १९४१ ला जेबेल शरीफला इटालियन मोटार-तुकडीने आणि विमानांनी त्यांच्या ट्रकांवर हल्ला केला. मूर नावाच्या न्यूझीलंडच्या सैनिकासह चौघे मागे राहिले, त्यातले दोघे जखमी. पाण्याचा एकच डबा, दोन गॅलनसुद्धा नाही. आपल्याच चाकांच्या खुणा धरून ते दक्षिणेला चालत निघाले. दहा दिवस, सुमारे २१० मैल. एक जण वाचला नाही.

सुट्टीत, हौसेने शिकलेली विद्या अशा कामाला लागली. हे वाचताना मला नेहमी अडखळायला होतं. आमच्या ब्रँचमधल्या कितीतरी गोष्टी अशाच जातात, आणि त्यावर माझ्याकडे तयार उत्तर नाही. बॅग्नोल्डने मात्र १९४१ मध्येच तुकडी मित्राच्या, प्रेंडरगास्टच्या हाती दिली, १९४४ मध्ये रॉयल सोसायटीचा फेलो झाला आणि उरलेलं सगळं आयुष्य कणांना दिलं. वाऱ्यातली वाळू झाली, मग नदीतला गाळ. माझा तो ‘नंबर’ १९५४ च्या प्रयोगातून आला. गंमत म्हणजे २००२ मध्ये काही संशोधकांनी तो प्रयोग पुन्हा तपासला आणि त्याच्या उपकरणाच्या मापांमुळे आकड्यांत गडबड झाल्याचं दाखवलं. नंबर तरीही पुस्तकात आहे आणि वायवालाही येतो!

२८ मे १९९० ला, ९४ व्या वर्षी तो गेला. त्याआधी १९८० मध्ये त्याच्या तुकडीचा एक शेवरोले ट्रक लिबियाच्या वाळवंटात सापडला. तो लंडनच्या इम्पीरियल वॉर म्युझियमने गंजलेल्या अवस्थेतच जपला.

वाळूत गाडी रुतायची मात्र थांबली नाही. २००९ मध्ये मंगळावर ‘स्पिरिट’ रोव्हर मऊ मातीत रुतली ती कायमचीच. ढकलायला कोणी नव्हतं. २०१४ मध्ये ‘क्युरिऑसिटी’ची चाकं एका वाळूच्या दरीत घसरायला लागली, तेव्हा ती मागे फिरवली. तिची चाकं अॅल्युमिनियमची, त्यात हवाच नाही, तर कमी काय करणार? २०१५ च्या शेवटी ती गेल क्रेटरमधल्या काळसर वाळूच्या टेकड्यांपाशी पोचली. पृथ्वीबाहेरच्या जिवंत, सरकत्या टेकड्या पहिल्यांदाच एवढ्या जवळून बघितल्या जात होत्या. रोव्हरने एक चाक वाळूत घालून चर पाडला आणि आत वाळू कशी बसली आहे त्याचे फोटो घेतले. नकाशावर त्या टेकड्यांचं नाव आहे बॅग्नोल्ड ड्यून्स.