लुई ब्रेल

फ्रान्समधील कुप्व्रे गावी ४ जानेवारी १८०९ रोजी लुई ब्रेल यांचा जन्म झाला. वडील घोड्यांचे खोगीर व चामडी साज बनवीत. तीन वर्षांचा लुई दुकानात आरीने चामडे टोचू लागला. ती निसटून डोळ्यात घुसली. डोळा लाल झाला, सुजला, चिघळला. दाह दुसऱ्या डोळ्यातही गेला. त्या काळी यावर खात्रीचे औषध नव्हते. पाचव्या वर्षापर्यंत दोन्ही डोळे गेले.

तरी आईवडिलांनी त्याला गावच्या शाळेत घातले व १८१९ मध्ये पॅरिसच्या अंधशाळेत पाठविले. तेथे १८२४ मध्ये, पंधराव्या वर्षी, त्याने सहा टिंबांची लिपी सिद्ध केली. पुढे ते तेथेच शिक्षक झाले. ६ जानेवारी १८५२ रोजी त्यांचे निधन झाले. आज मराठी व उर्दूही त्याच टिंबांतून वाचता येते.

पालकहो, आपल्या उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर भागात लहान कारखाने पुष्कळ आहेत. हत्यारे मुलांच्या हाती लागू देऊ नका. डोळ्याला इजा होऊन लाली आली, तर डोळे आले असतील असे समजून थांबू नका. त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांना दाखवा. आणि दृष्टी गेलीच, तरी मुलाची शाळा सुटू देऊ नका.